फेलोशिपला कात्री लागलीय, आझाद मैदानात बसायचंय : बसण्याआधी काय पाहावं?

प्रश्न : मी मराठवाड्यात पीएच.डी. करतोय. आमच्या तुकडीच्या फेलोशिपच्या जागा कमी केल्या आणि ज्यांना मिळते त्यांचेही हप्ते कित्येक महिने आलेले नाहीत. आम्ही सत्तरेक जण आहोत. आझाद मैदानात बेमुदत उपोषणाला बसायचं चाललंय. गाईड म्हणतात, थीसिसकडे बघा, असल्या भानगडीत पडलात तर नोकरीला अडचण येईल. आंदोलनानं खरंच काही होतं का?

उत्तर : होतं. पण बहुतेक वेळा त्या एका तुकडीपुरतंच होतं. असं का होतं ते समजून घेतलंत, तर तुमचं आंदोलन कसं करायचं हेही सुचेल. मी समाजकल्याण खात्यात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर त्याच टेबलाच्या अलीकडच्या बाजूला विद्यार्थ्यांबरोबर बसतो. त्यामुळे फाइल कुठं अडते आणि कुठं उगाचच अडवली जाते, याचा थोडा अंदाज आहे.

तुमच्या एका प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा कमी होणं हा धोरणाचा निर्णय आहे, त्यावर मंत्रालयात कुणीतरी सही केली आहे. हप्ते थकणं हा निर्णय नाही. तिथं फाइल पडून आहे. पहिल्यासाठी मैदान लागतं, दुसऱ्यासाठी पाठपुरावा लागतो. दोन्ही एकाच निवेदनात घातलं की साहेब थकलेल्या हप्त्यांबद्दल गोड बोलतात, "पंधरा दिवसांत जमा होतील" म्हणतात, आणि जागांचा विषय तसाच राहून जातो. शिष्टमंडळ खूश होऊन बाहेर येतं. हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

आधी हप्त्यांचं बघा, कारण ते तुमच्या हातात जास्त आहे. सत्तर जणांचा एक तक्ता करा. नाव, नोंदणीचा दिनांक, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यापर्यंतचा आला, सहामाही प्रगती अहवाल कधी दिला, त्यावर गाईडची आणि संशोधन केंद्राची सही आहे का, घरभाड्याचं प्रमाणपत्र दिलं का, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद सध्या कोणाच्या टेबलावर आहे. हा तक्ता भरताना कळेल की काहींचे अहवाल तुमच्याच विद्यापीठाच्या आवक-जावकमध्ये पडलेत, काहींच्या खात्याचं आधार जोडणीचं काम राहिलंय, आणि उरलेल्यांचं मात्र सगळं बिनचूक असून पैसे नाहीत. ज्यांचे हप्ते खरोखर थकलेत ते हे शेवटचे. सचिवांसमोर "सगळ्यांचे हप्ते थकलेत" म्हटलंत, तर ते एखाद्या अपुऱ्या अर्जाचं उदाहरण काढून तुम्हाला गप्प बसवतील. "या इतक्या जणांची कागदपत्रं अमुक तारखेला पूर्ण झाली, ही पोचपावती, तरी देयक कोषागारात गेलेलं नाही" असं म्हटलंत, तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. उत्तर नाहीच आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा स्टॅम्प, 30 दिवसांत माहिती, नाही दिली तर पहिलं अपील. प्रश्न मोघम नको. "या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या शीर्षाखाली) या वर्षी किती तरतूद, किती वितरित, किती खर्च" एवढंच विचारा.

आता जागांकडे येऊ.

कपातीचा शासन निर्णय आधी मिळवा. बातमीचं कात्रण चालणार नाही, मूळ जीआर हवा. राज्याच्या संकेतस्थळावर तो सांकेतांकासह असतो. तो शेवटून वाचा. शेवटच्या परिच्छेदात बहुधा असं वाक्य सापडेल : "सदर शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने निर्गमित करण्यात येत आहे." हे असेल तर कपातीमागे वित्त विभाग आहे. तुमच्या संस्थेच्या महासंचालकांना कितीही घेराव घातलात तरी जागा वाढवणं त्यांच्या हातात नाही. हे वाक्य नसेल आणि निर्णय संस्थेच्या नियामक मंडळाच्या ठरावावर उभा असेल, तर विभागाचे सचिव आणि मंत्री तो फिरवू शकतात. पुण्यात क्वीन्स गार्डनला बार्टीच्या (अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देणारी राज्याची संस्था) दारात बसायचं, मुंबईला जायचं की नागपूरला, हे या एका वाक्यावर ठरतं. पोरं मात्र आधी जागा ठरवतात आणि जीआर नंतर वाचतात.

मागची उदाहरणं बघा. बार्टीच्या 2021 च्या तुकडीत पीएच.डी. फेलोशिपसाठी 861 उमेदवार होते आणि देणार होते 200 जणांना. 2023 च्या सुरुवातीला ही मुलं-मुली आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसली. शेवटी सगळ्यांना द्यायचं ठरलं. मोठा विजय होता, त्यात शंका नाही. पण पुढं काय झालं? 30 ऑक्टोबर 2023 ला बार्टी, सारथी (मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीची), महाज्योती (ओबीसींसाठीची) वगैरे संस्थांसाठी समान धोरण आलं आणि 200 चा आकडा धोरणातच बसला. त्याच डिसेंबरात नागपूर अधिवेशनात सारथीच्या 200 च्या मर्यादेवर सतेज पाटलांनी प्रश्न उचलला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी पीएच.डी. करून काय दिवा लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि राज्यभर गदारोळ उडाला. 24 डिसेंबर 2023 ला फेलोशिपसाठी झालेल्या चाळणी परीक्षेत 2019 च्या सेटचीच (प्राध्यापक पात्रता परीक्षेची) प्रश्नपत्रिका आल्याचं मुलांनी दाखवून दिलं. 10 जानेवारी 2024 ला फेरपरीक्षा झाली, तर प्रश्नपुस्तिकांना सील नव्हतं म्हणून पुन्हा बहिष्कार. मग 2022 च्या तुकडीला निम्मी रक्कम द्यायचा निर्णय निघाला आणि पुन्हा आंदोलन. म्हणजे एका तुकडीनं जिंकलेलं पुढच्या तुकडीला नव्यानं मागावं लागलं.

याचं कारण जीआरच्या भाषेत आहे. आंदोलनापुढं सरकार झुकतं तेव्हा सवलत "विशेष बाब म्हणून", "एक वेळची बाब म्हणून" देतं, आणि खाली एक ओळ घालतं की हे पूर्वोदाहरण समजलं जाणार नाही. मसुदा करताना ही ओळ आम्ही सवयीनं घालायचो, कुणी सांगावं लागत नसे. आंदोलनकर्ते आपल्या तुकडीचा आकडा बघून गुलाल उधळतात, ती ओळ वाचायला कुणी थांबत नाही. म्हणून तुमच्या मागणीत तुमच्या सत्तर जणांचा उल्लेख दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिली मागणी नियमाची : जाहिरात निघताना जागांची संख्या, दर आणि निवडीची पद्धत लिहिलेली असावी, आणि जाहिरात निघाल्यावर त्या तुकडीला ती बदलता येऊ नये. ही मागणी जशीच्या तशी शासन निर्णयात उतरवता येते. "विद्यार्थ्यांवरील अन्याय दूर करा" ही उतरवता येत नाही. मागणी लिहून झाली की स्वतःला विचारा, उद्या कक्ष अधिकाऱ्यानं हे वाक्य उचलून मसुद्यात टाकायचं म्हटलं तर त्याला काही बदलावं लागेल का? लागत असेल तर पुन्हा लिहा.

दिल्लीचं उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) केंद्रीय विद्यापीठांतली नॉन-नेट फेलोशिप, म्हणजे नेट परीक्षेशिवाय संशोधन करणाऱ्यांना मिळणारी, बंद करायचं ठरवलं. एम.फिल.ला महिना 5,000 आणि पीएच.डी.ला 8,000 अशी ती होती. मुलांनी आयटीओजवळ यूजीसीच्या इमारतीबाहेर ठाण मांडलं, थंडीत रात्री काढल्या, लाठ्या खाल्ल्या. सरकारनं आढावा समिती नेमली आणि फेलोशिप चालू राहिली. पण राज्य विद्यापीठांतल्या मुलांनाही ती द्या, ही मागणी समितीत विरली आणि रक्कम पुढं वर्षानुवर्षं होती तिथंच राहिली. समिती म्हणजे नकार नव्हे, पण होकारही नव्हे. तुम्हाला समिती देऊ केली तर त्याच बैठकीत तीन गोष्टी मागा : अहवालाची तारीख, समितीत विद्यार्थी प्रतिनिधी, आणि अहवाल येईपर्यंत जुना नियम चालू राहील असं लेखी. तिसरी मिळाली नाही तर पहिल्या दोन्हींना फारसा अर्थ नाही.

कपात कधीकधी कागदावर दिसतही नाही. 2018 च्या फेब्रुवारीत टिसच्या (टाटा समाजविज्ञान संस्थेच्या) मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी अशा चारही परिसरांत संप झाला. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाची) शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांना वसतिगृह आणि मेसच्या शुल्कात असलेली सूट संस्थेनं काढून घेतली होती. शिष्यवृत्ती तीच, मुलं तीच, फक्त बिल त्यांच्याकडं वळलं. संस्था म्हणत होती पैसा वरून येत नाही, आणि वरचे म्हणत होते शिष्यवृत्ती चालूच आहे. त्याच काळात केंद्र आणि राज्यांमध्येही हीच ढकलाढकल चालली होती. जुन्या सूत्रात राज्यांवरचा भार वाढत गेला आणि केंद्राचा वाटा वर्षाला 1,100 कोटींच्या आसपास उरला. 23 डिसेंबर 2020 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 60:40 चं सूत्र मान्य केलं, पाच वर्षांसाठी एकूण 59,048 कोटी, त्यात केंद्राचे 35,534 कोटी. आता केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, पण राज्यानं आपला वाटा दिल्यावरच. त्यामुळे राज्य लांबलं की सगळंच लांबतं, आणि कॉलेज तेवढ्या काळात मुलाचा दाखला अडवून ठेवतं.

याच योजनेतला निर्वाह भत्ता बघा. वसतिगृहात राहून मेडिकल-इंजिनिअरिंग करणाऱ्याला वर्षाला 13,500, म्हणजे महिन्याला 1,125 रुपये. घरून ये-जा करत बी.ए. करणाऱ्याला वर्षाला 3,000. उत्पन्नाची अट अडीच लाखांची, 2020 च्या फेररचनेतही तीच ठेवली. आई-बाप दोघं रोजंदारीवर असले तरी ही अट ओलांडली जाते. महागाई वाढत असताना आकडा गोठवून ठेवणं हीसुद्धा कपातच, फक्त तिचा जीआर निघत नाही म्हणून तिच्यावर मोर्चाही निघत नाही. हे सविस्तर सांगतोय कारण तुम्ही सत्तर आहात आणि सत्तरचा आवाज मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत, मुख्यमंत्र्यांपर्यंत, जात नाही. तुमच्या शहरात मॅट्रिकोत्तर आणि स्वाधारवर (वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्याचे पैसे देणारी राज्याची योजना) शिकणारी मुलं हजारोंनी आहेत. स्वाधारचे पैसे वर्ष संपल्यावर येतात, घरमालकाला मात्र भाडं दर महिन्याला हवं असतं. तुमच्या मागणीपत्रात त्यांची एक ओळ घाला, आणि ती खरोखर लढवणार असाल तरच घाला. पीएच.डी.वाल्यांना गर्दीपुरती पदवीची मुलं आठवतात, अशी तक्रार मी त्या मुलांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती खोटी नाही.

"पैसे नाहीत" हे उत्तर येणारच. हिशोब तयार ठेवा. यूजीसीच्या जेआरएफचा (नेटमधून निवडलेल्या संशोधकांच्या फेलोशिपचा) दर 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आहे. त्या दरानं एकाचे वर्षाला 4 लाख 44 हजार, सत्तर जणांचे घरभाडं सोडून सुमारे 3 कोटी 11 लाख. हा आकडा तोंडपाठ हवा. समोरचा "शेकडो कोटींचा बोजा" म्हणू लागला की तिथंच थांबवता येतं. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख वळवले गेले, त्यावर खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी दाखवली होती. हा दाखला जरूर द्या, पण तोफ पैसे वळवण्याच्या निर्णयावर ठेवा. त्या बायकांवर नको. "बहिणींना 1,500 देता, आम्हाला का नाही" अशी घोषणा मैदानात टाळ्या मिळवते. तुमच्यातल्या निम्म्यांच्या आया त्याच योजनेच्या यादीत आहेत, हे पत्रकाराला शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत. तसंच सारथीला इतके आणि बार्टीला तितके का, या वादात शिरू नका. समान धोरणाच्या नावाखाली सगळ्यांना खालच्या आकड्यावर आणलं गेलं, तेव्हा सगळ्या संस्थांची मुलं एकत्र असती तर ते इतकं सोपं गेलं नसतं.

वेळ कोणती? अधिवेशनाच्या आधीचे दोन-तीन आठवडे. तारांकित प्रश्न आधी द्यावा लागतो, लक्षवेधीसाठी आमदार आधी पटवावा लागतो, आणि पुरवणी मागण्यांमध्ये तुमचं लेखाशीर्ष घुसवायचं तर त्याची तयारी विभागात त्याहून आधी सुरू होते. अधिवेशन संपल्यावर बसलेलं उपोषण म्हणजे पीक गेल्यावर केलेली फवारणी. स्थानिक आमदार जवळचा वाटतो, पण पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघातल्या आमदारांकडे आधी जा. विधान परिषदेत ते प्रत्येकी सात आहेत आणि त्यांचे मतदार तुमच्यासारखेच आहेत. हिवाळ्यात नागपूरला जाणार असाल तर पोलीस मोर्चा टेकडी रोड किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतात, तिथून शिष्टमंडळ आत नेतात. आत कोण पाच जण जाणार आणि कोण बोलणार, हे नागपूरची गाडी पकडण्याआधी ठरलेलं असू द्या.

बेमुदत उपोषणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : सुरुवात त्यानं करू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी एकाची तब्येत बिघडते, सगळ्यांचं लक्ष रक्तदाबाकडं जातं, आणि मागणी बाजूला पडून "उपोषण सोडवा" एवढाच विषय उरतो. मग एखादा पुढारी लिंबूपाण्याचा ग्लास आणि फोटोग्राफर घेऊन येतो. साखळी उपोषण किंवा धरणं लांब चालतं आणि लांब चालणाऱ्याचीच प्रशासनाला जास्त चिंता असते. रोज वीस जण, बाकीचे लायब्ररीत, असं वेळापत्रक केलंत तर गाईडचंही समाधान होईल. मुलींच्या मुक्कामाची आणि स्वच्छतागृहाची सोय पहिल्या दिवशीच लावा, नाहीतर आठवड्यात मैदानात फक्त मुलगे उरतात. वर्गणीचा हिशोब रोज संध्याकाळी ग्रुपवर टाका. बाहेरून दिसत नाही, पण आंदोलनं सर्वात जास्त याच कारणानं फुटतात.

नोकरीच्या भीतीचं थोडं सविस्तर. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेत बसलात तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चे मनाई आदेश अधूनमधून लागू असतात, ते मोडले म्हणून त्याच अधिनियमाखाली किंवा भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. हे किरकोळ असतं. टाळायचं आहे ते कलम 132, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला. गेटवर धक्काबुक्की झाली आणि एखाद्या शिपायाचं बटण तुटलं तरी ते लागू शकतं. त्यामुळे पुढच्या रांगेत डोकं शांत असलेले ठेवा आणि सगळं चित्रित करा. गुन्हा नोंद झालाच तर नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) तो लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या अवतार सिंग निकालात गुन्ह्याचं स्वरूप आणि माहिती दडवली की नाही, या दोन्हींचा विचार करायला सांगितलं आहे. क्षुल्लक गुन्हा खरा सांगितला तर तुमची बाजू बरीच सुरक्षित राहते. त्याची एफआयआरची प्रत आणि पुढं गुन्हा मागे घेतला तर त्याचा आदेश, दोन्ही जपून ठेवा.

कोर्टाचं म्हणाल तर "जागा वाढवा" असा आदेश उच्च न्यायालय सहसा देत नाही, तो धोरणाचा भाग मानला जातो. पण जाहिरातीत एक लिहून निवड झाल्यावर दुसरं केलं असेल, तर छत्रपती संभाजीनगर खंडपीठात तुमची याचिका उभी राहू शकते. म्हणून जाहिरातीची, निवड यादीची आणि संकेतस्थळाच्या त्या दिवशीच्या पानाची प्रत आजच काढून ठेवा. ही पानं नंतर बदलतात.

शेवटी उठण्याबद्दल. लेखी आश्वासन हातात आल्याशिवाय उठू नका, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते वाचायचं कसं, ते सांगतो. जावक क्रमांक आणि तारीख आहे का? सही करणाऱ्याचं पदनाम उपसचिव किंवा त्यावरचं आहे का, की स्वीय सहायकानं मंत्र्यांच्या लेटरहेडवर लिहून दिलंय? "सकारात्मक विचार करण्यात येईल" आहे की "प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत वित्त विभागाकडे सादर करण्यात येईल" आहे? दुसरं असेल तर घ्या, उठा, आणि त्या तारखेला दोघांना मंत्रालयात पाठवून वित्त विभागातला आवक क्रमांक विचारून घ्या. जीआर निघाला तरी तरतूद वितरित झाली का, हे बीम्सवर (राज्याच्या अर्थसंकल्पी निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) तपासत राहा. निर्णय मार्चच्या तोंडावर निघाला आणि वितरण 31 तारखेपर्यंत झालं नाही, तर ते पैसे परत जातात आणि नव्या वर्षात नवी मागणी करावी लागते. त्या दोघांची नावं आंदोलन सुरू व्हायच्या आधीच ठरवा. थीसिस जमा करायला अजून किमान दोन वर्षं असलेल्यांपैकीच निवडा, नाहीतर ऐन पाठपुराव्याच्या वेळी ते व्हायव्हाच्या तयारीत असतील.